आकाशाचा ओलावा मोजणारा माणूस

तापमान कमाल इतके, किमान तितके आणि आर्द्रता अमुक टक्के. वृत्तपत्राच्या एका कोपऱ्यात रोज छापून येणाऱ्या या चौकटीकडे वाचक सवयीने नजर टाकतो आणि पुढे जातो. हवामानाच्या दैनंदिन नोंदी वृत्तपत्रात छापण्याची प्रथा मात्र आपोआप रूढ झालेली नाही. त्यासाठी एका माणसाने इंग्लंडभर हिंडून निरीक्षक जमवले, त्यांची उपकरणे तपासली आणि त्यांच्या नोंदी लंडनपर्यंत आणण्याची व्यवस्था लावली. हवेतील ओलावा जमिनीवर मोजून त्याचे समाधान झाले नाही. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी तो फुग्याला टांगलेल्या टोपलीत बसला आणि ज्या उंचीवर माणूस शुद्धीवर राहू शकत नाही तेथपर्यंत आपले आर्द्रतामापक घेऊन गेला. जेम्स ग्लेशर हे त्याचे नाव.

ग्लेशर यांची आठवण आज मुख्यतः एका जीवघेण्या उड्डाणासाठी काढली जाते. २०१९ मध्ये त्याच उड्डाणावर ‘द एरोनॉट्स’ हा इंग्रजी चित्रपटही निघाला. त्यात ग्लेशर यांच्या जोडीला एक काल्पनिक तरुणी दाखवण्यात आली. ग्लेशर यांचे प्राण प्रत्यक्षात ज्यांनी वाचवले ते हेन्री कॉक्सवेल पडद्यावरून गायब झाले. पण उंचीचा तो विक्रम हा ग्लेशर यांच्या कामाचा सर्वांत कच्चा भाग होता. त्यांनी आयुष्यभर ज्या प्रश्नाचा पाठपुरावा केला तो अधिक महत्त्वाचा आहे. जमिनीवर खरे बोलणारे उपकरण आकाशात किती खरे बोलते, हा तो प्रश्न होय.

धुक्याने लावलेले वेड

ग्लेशर यांचा जन्म ७ एप्रिल १८०९ रोजी लंडनच्या रॉदरहाइथ भागात झाला. वडील घड्याळे बनवीत. पुढे हे कुटुंब ग्रीनविचला राहावयास गेले. तेथील प्रसिद्ध वेधशाळेतील उपकरणे तरुण जेम्सच्या पाहण्यात आली आणि मोजमापाची गोडी त्याला तेथेच लागली. विसाव्या वर्षाच्या सुमारास आयर्लंडच्या भूमापन मोहिमेत त्याला काम मिळाले. गॉलवे आणि लिमरिक परिसरातील डोंगरमाथ्यांवर तंबू ठोकून दूरच्या शिखरांचे कोन मोजायचे, असे ते काम होते.

डोंगरमाथ्यावर ढग आणि धुके उतरले की समोरचे काहीच दिसत नसे. काम ठप्प होई आणि कधी कधी दिवसच्या दिवस वाया जात. सहकाऱ्यांना कंटाळा आणणारे हे धुके ग्लेशर यांच्या कुतूहलाचा विषय बनले. ढग नेमका किती उंचीवर तयार होतो? त्याच्या आत हवा कशी असते? बर्फाचे कण आकार कसा घेतात? या काळात त्यांच्या मनात शिरलेल्या प्रश्नांनी पुढे त्यांची पाठ कधीच सोडली नाही. त्या गारठ्यात प्रकृती बिघडल्याने मोहीम मात्र त्यांना सोडावी लागली.

१८३३ मध्ये ते केंब्रिजच्या वेधशाळेत रुजू झाले. तेथे जॉर्ज एरी हे त्यांचे वरिष्ठ होते. १८३५ मध्ये एरी यांची राजज्योतिषी म्हणून ग्रीनविचला नेमणूक झाली आणि त्यांच्या मागोमाग ग्लेशरही तेथे आले. ग्रीनविच वेधशाळेत चुंबकीय व हवामानविषयक नोंदींसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला, तेव्हा त्याची सूत्रे ग्लेशर यांच्याकडे सोपवण्यात आली. १८७४ पर्यंत ते या विभागाचे प्रमुख होते. विद्यापीठाची पदवी नसलेल्या एका घड्याळजीच्या मुलाला १८४९ मध्ये रॉयल सोसायटीने सदस्यत्व दिले.

१८४३ मध्ये त्यांचा विवाह ग्रीनविच वेधशाळेतील सहकारी हेन्री बेलव्हिल यांची कन्या सेसिलिया हिच्याशी झाला. सेसिलिया उत्तम चित्रकार होत्या. नेच्यांची त्यांनी काढलेली छायाचित्रे आजही छायाचित्रणाच्या आरंभकाळातील महत्त्वाचा ठेवा मानली जातात. १८५५ च्या कडक हिवाळ्यात ग्लेशर यांनी भिंगाखाली हिमस्फटिकांचे निरीक्षण केले. त्यांच्या कच्च्या रेखाटनांवरून सेसिलिया यांनी नेटकी चित्रे तयार केली आणि ती प्रसिद्ध झाली.

ओल्या फडक्याचे गणित

हवेतील आर्द्रता डोळ्यांना दिसत नाही. तिचे मोजमाप करण्याचे मार्ग एकोणिसाव्या शतकात दोन-तीनच होते. माणसाचा केस ओलसर हवेत लांबतो आणि कोरड्या हवेत आखडतो. या गुणाचा उपयोग करून स्वित्झर्लंडमधील सोस्यूर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस केसाचे आर्द्रतामापक बनवले होते. दुसरे साधन इंग्रज शास्त्रज्ञ डॅनियल यांचे. काचेच्या वाकड्या नळीच्या दोन टोकांना दोन गोळे आणि आत ईथर अशी त्याची रचना असे. एका गोळ्यावरच्या मलमलीवर ईथर ओतले की त्याच्या बाष्पीभवनाने तो थंड होई आणि त्यामुळे दुसऱ्या गोळ्यातील ईथरही निवत जाई. या गोळ्यावर ज्या तापमानाला दव धरे तो त्या हवेचा दवबिंदू. पद्धत अचूक होती, पण वेळखाऊ आणि नाजूकही होती. रोज ठरावीक वेळी ईथर ओतत बसणे प्रत्येक निरीक्षकाला शक्य नव्हते.

तिसरा मार्ग सर्वांत सोपा होता. उन्हाळ्यात माठ ज्या कारणाने गार राहतो, तेच तत्त्व त्यात वापरलेले असते. दोन सारखे तापमापक शेजारी शेजारी टांगायचे आणि एकाच्या पाऱ्याच्या गोळ्याभोवती ओले फडके गुंडाळायचे. हवा कोरडी असेल तर फडक्यातले पाणी भराभर उडते आणि ओला तापमापक खाली उतरतो. हवा दमट असेल तर दोहोंत फारसा फरक पडत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात धुतलेले कपडे वाळत नाहीत, त्याचेही कारण हेच. अडचण अशी की, दोन तापमापकांमधील फरक म्हणजे दवबिंदू नव्हे. त्या फरकावरून दवबिंदू काढण्यासाठी विश्वासार्ह नियम हवा होता.

ग्लेशर यांनी तो नियम चिकाटीच्या बळावर तयार केला. ग्रीनविचला डॅनियलचे उपकरण आणि दोन तापमापकांची जोडी यांच्या एकाच वेळी घेतलेल्या असंख्य नोंदी त्यांनी एकमेकींशी ताडून पाहिल्या. त्यातून प्रत्येक तापमानासाठी एक गुणक निश्चित केला. दोन तापमापकांतील फरकाला त्या गुणकाने गुणायचे आणि आलेला आकडा कोरड्या तापमापकाच्या तापमानातून वजा करायचा. दवबिंदू हाती येतो. १८४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आर्द्रता कोष्टकांमुळे ईथरची बाटली नसलेल्या निरीक्षकालाही हवेतील बाष्पाचे प्रमाण काढता येऊ लागले. या कोष्टकांच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या.

त्याच सुमारास त्यांनी देशभरात स्वयंसेवी निरीक्षकांचे जाळे उभे केले. रेल्वेने फिरून ते ठिकठिकाणची उपकरणे स्वतः तपासत. १८४९ मध्ये लंडनच्या ‘डेली न्यूज’ या वृत्तपत्रात ग्लेशर यांनी संकलित केलेल्या हवामानाच्या दैनंदिन नोंदी प्रसिद्ध होऊ लागल्या. १८५० मध्ये त्यांनी समविचारी मंडळींना घेऊन ब्रिटिश मीटिऑरॉलॉजिकल सोसायटी स्थापन केली. आजची रॉयल मीटिऑरॉलॉजिकल सोसायटी ती हीच.

भारताच्या पठारांचा प्रश्न

कोष्टके तयार झाली, पण त्यांना एक मर्यादा होती. ती ग्रीनविचच्या, म्हणजे जवळपास समुद्रसपाटीच्या हवेवरून बेतलेली होती. उंचावर हवा विरळ होते. तेथे ओल्या फडक्यातले पाणी वेगळ्या गतीने उडते. मग समुद्रसपाटीवरचा गुणक तेथे लागू पडेल काय? या प्रश्नाचे उत्तर टेबलाशी बसून मिळणार नव्हते.

फुग्यातून हवेचा अभ्यास करण्याची कल्पना नवी नव्हती. फ्रान्सचे गे-ल्युसॅक १८०४ मध्ये फुग्यातून सात हजार मीटरपर्यंत गेले होते. १८५२ मध्ये क्यू वेधशाळेचे जॉन वेल्श यांनी चार उड्डाणे केली होती. त्यानंतर दहा वर्षांनी ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेने पुन्हा एक मोहीम आखली. जास्तीत जास्त उंचीपर्यंत हवेचे तापमान आणि आर्द्रता मोजणे, हे तिचे पहिले उद्दिष्ट होते. दुसऱ्या उद्दिष्टात भारताचा उल्लेख होता. भारतातील उंच पठारांवर जेथे माणसे राहतात किंवा फौजा ठेवल्या जातात, तेवढ्या उंचीवर कोरड्या-ओल्या तापमापकांच्या जोडीवर कितपत भरवसा ठेवावा, हे डॅनियल आणि रेनो यांच्या दवबिंदू उपकरणांशी तुलना करून ठरवावयाचे होते. १८५७ च्या उठावाला अवघी पाच वर्षे झाली होती. त्यामुळे भारतातील छावण्यांच्या हवापाण्याचा विषय ब्रिटिश राज्यकर्त्यांसाठी केवळ शास्त्रीय कुतूहलापुरता नव्हता.

मोहिमेसाठी फुगा आणि चालक म्हणून हेन्री कॉक्सवेल यांची निवड झाली. पेशाने दंतवैद्य असलेल्या कॉक्सवेल यांना फुग्यांच्या उड्डाणांचा दांडगा अनुभव होता. त्यांनी सुमारे ९० हजार घनफुटांचा नवा फुगा बांधला. उड्डाणासाठी वुल्व्हरहॅम्प्टन हे शहर निवडले गेले. ते समुद्रापासून दूर होते आणि तेथील गॅस कारखाना हलका कोळसावायू पुरवू शकत होता. टोपलीच्या आडव्या फळीवर ग्लेशर यांनी आपली छोटी प्रयोगशाळा मांडली. त्यात वायुभारमापक, तापमापकांच्या जोड्या, डॅनियल व रेनो यांची आर्द्रतामापके, घड्याळ आणि होकायंत्र होते. १७ जुलै १८६२ रोजी पहिले उड्डाण झाले. फुगा २६ हजार फुटांपर्यंत पोहोचला. उतरताना मात्र तो जमिनीवर इतक्या जोराने आदळला की बरीचशी उपकरणे फुटली. ग्लेशर यांनी नवी उपकरणे मागवली आणि १८ ऑगस्टला दुसरे उड्डाण केले.

हरवलेली तेरा मिनिटे

तिसरे उड्डाण ५ सप्टेंबर १८६२ रोजी दुपारी एक वाजून तीन मिनिटांनी सुरू झाले. जमिनीवर तापमान १५ अंश सेल्सिअस होते. दाट ढगांचा थर भेदून फुगा वर आला तेव्हा डोक्यावर गडद निळे आकाश आणि खाली ढगांच्या डोंगररांगा होत्या. दोन मैलांवर तापमान शून्य अंशावर आले. पाच मैलांवर ते उणे १९ अंश झाले. सोबत नेलेल्या सहा कबुतरांपैकी एकाला तीन मैलांवर सोडले, तेव्हा ते पंख पसरून कागदासारखे खाली गेले. आणखी वर सोडलेले एक कबूतर दगडासारखे कोसळले.

दुपारी १ वाजून ५४ मिनिटांनी ग्लेशर यांनी वायुभारमापकाचा आकडा वाचला. पारा पावणेदहा इंचांवर होता. जमिनीवर तो तीस इंचांच्या आसपास असतो, म्हणजे हवेचा दाब एक तृतीयांशावर आला होता. उंची सुमारे २९ हजार फूट होती आणि फुगा मिनिटाला हजार फुटांच्या वेगाने चढतच होता. त्यापूर्वीच ग्लेशर यांना तापमापकातील पाऱ्याची बारीक रेघ दिसेनाशी झाली होती. टेबलावर ठेवलेला उजवा हात उचलेना. डाव्या हाताचीही तीच गत झाली. मान खांद्यावर कलंडली. समोर कॉक्सवेल अस्पष्ट दिसत होते, पण तोंडातून शब्द फुटेना. मग डोळ्यांपुढे काळोख पसरला आणि ते बेशुद्ध झाले.

त्या वेळी कॉक्सवेल टोपलीच्या वरच्या कड्यावर चढलेले होते. फुगा सारखा गरगर फिरत असल्याने झडपेची दोरी गुंतली होती. ती सोडवून झडप उघडली नसती तर वायू बाहेर पडला नसता आणि फुगा चढतच राहिला असता. कड्यावर बर्फ साचले होते. उघड्या हातांनी ते धरल्याने कॉक्सवेल यांचे तळवे काळे पडून बधिर झाले. दोरी सुटली, पण ती ओढण्याइतके बळ हातांत उरले नव्हते. कोपरांच्या आधाराने ते कसेबसे टोपलीत उतरले. मग त्यांनी दोरी दातांत धरली आणि मानेला दोन-तीन हिसके दिले. झडप उघडली आणि फुगा उतरू लागला.

ग्लेशर सुमारे सात मिनिटे बेशुद्ध होते. शुद्धीवर येताच त्यांनी कॉक्सवेल यांच्या काळवंडलेल्या हातांवर ब्रँडी ओतली, पेन्सिल हाती घेतली आणि २ वाजून ७ मिनिटांनी पुढची नोंद केली. श्रॉपशर परगण्यातील लडलो गावाजवळ फुगा उतरला. आसपास वाहन नसल्याने दोघांना काही मैल पायपीट करावी लागली.

शेवटच्या नोंदीच्या वेळी फुगा मिनिटाला हजार फूट चढत होता. पुन्हा नोंद सुरू झाली तेव्हा तो दोन हजार फुटांच्या वेगाने उतरत होता. मधली तेरा मिनिटे कोऱ्या कागदासारखी होती. या दोन वेगांवरून ग्लेशर यांनी हिशेब मांडला आणि फुगा ३६ ते ३७ हजार फुटांपर्यंत, म्हणजे जवळजवळ सात मैलांवर गेला असावा, असा निष्कर्ष काढला. किमान तापमान नोंदवणाऱ्या तापमापकात उणे २४ अंशांची खूण राहिली होती.

हा आकडा गाजला, पण तो टिकला नाही. ११ किलोमीटर उंचीवर त्या अक्षांशांत साधारणपणे उणे ५० अंशांहूनही कडक थंडी असते, हे आज ठाऊक आहे. प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय त्या उंचीवर दोघेही जिवंत परतले असते, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. बहुतेक अभ्यासक त्या उड्डाणाची उंची आता नऊ किलोमीटरच्या आसपास मानतात. धोका मात्र खरा होता. १८७५ मध्ये ‘झेनिथ’ या फ्रेंच फुग्यातून साडेआठ किलोमीटरच्या आसपास गेलेल्या तिघांपैकी क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल यांचा मृत्यू झाला. गॅस्तों तिसांदिए तेवढे वाचले.

थरांचे आकाश

त्या अनुभवानंतर ग्लेशर थांबले नाहीत. १८६६ पर्यंत त्यांनी एकूण २८ शास्त्रीय उड्डाणे केली. १८ एप्रिल १८६३ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसपासून निघालेला फुगा ढगांवरून वाहत समुद्रकिनाऱ्याजवळ जाऊन पोहोचला. ढगांच्या फटीतून खाली समुद्र दिसताच कॉक्सवेल यांनी झडप उघडली. दोन मैलांची उंची चार मिनिटांत उतरून फुगा न्यूहेवनजवळ आदळला. उपकरणांचा पुन्हा चुराडा झाला.

या खटाटोपातून हाती काय लागले? उंची वाढेल तसे तापमान दर ३०० फुटांना एक अंश फॅरेनहाइट या ठरावीक दराने घटते, असा त्या काळी समज होता. ग्लेशर यांच्या नोंदींनी तो खोडून काढला. जमिनीजवळ तापमान झपाट्याने घटते आणि वर हा दर मंदावतो. ढगाळ दिवशी तो वेगळा असतो, निरभ्र दिवशी वेगळा. १२ जानेवारी १८६४ रोजी, ऐन हिवाळ्यात, त्यांना वर नैर्ऋत्येकडून येणारा सुमारे तीन हजार फूट जाडीचा उबदार वाऱ्याचा थर सापडला. इंग्लंडचा हिवाळा सौम्य असण्यामागे सागरी प्रवाहाइतकाच या वाऱ्याचाही हात असावा, असे त्यांनी सुचवले. १८६५ मधील रात्रीच्या उड्डाणात तर उंचीबरोबर तापमान घटण्याऐवजी वाढलेले आढळले.

आर्द्रतेच्या बाबतीतही हवा एकसंध नसते, हे या उड्डाणांतून ठळकपणे समोर आले. ओलसर थरावर कोरडा, त्यावर पुन्हा ओलसर, असे आकाश एकावर एक रचलेले होते. पाच मैलांच्या आसपास हवा इतकी कोरडी होती की दवबिंदू उपकरण बरेच थंड करूनही त्यावर दव धरत नसे. जेथे माणसे राहतात त्या उंचीपर्यंत कोरड्या-ओल्या तापमापकांवरून काढलेला दवबिंदू थेट मोजलेल्या दवबिंदूशी बऱ्याच अंशी जुळत होता. भारतातील पठारांसाठी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असे होकारार्थी आले. त्याहून वर मात्र बाष्प एवढे विरळ आणि थंडी एवढी कडक की उपकरणे अपुरी पडत.

उणिवा दाखवणारे आले

१८७४ मध्ये एरी यांच्याशी खटका उडाल्याने ग्लेशर यांनी ग्रीनविचची नोकरी सोडली. तोवर त्यांचा लौकिक सर्वत्र पसरला होता. १८६६ मध्ये स्थापन झालेल्या एरोनॉटिकल सोसायटीचे ते पहिले कोषाध्यक्ष होते. फोटोग्राफिक सोसायटीचे अध्यक्षपदही त्यांनी दीर्घकाळ भूषवले. उतारवयात त्यांनी तीस लाखांपासून साठ लाखांपर्यंतच्या संख्यांच्या अवयवांची कोष्टके तयार केली. ती १८७९ ते १८८३ या काळात प्रसिद्ध झाली. आकड्यांची सोबत त्यांना अखेरपर्यंत प्रिय होती. त्यांचे पुत्र जे. डब्ल्यू. एल. ग्लेशर हेही नामवंत गणितज्ञ झाले.

दरम्यान त्यांच्याच नोंदींवर प्रश्नचिन्ह उभे राहिले. जर्मनीचे रिचर्ड आसमान यांनी तापमापकांच्या जोडीभोवती चकचकीत धातूची नळी आणि चावीवर चालणारा पंखा बसवला. उन्हाचा थेट मारा टाळून तापमापकांवरून हवेचा सतत झोत वाहता ठेवणे, हा त्यामागचा हेतू होता. १८९० च्या दशकात बर्लिनहून झालेल्या उड्डाणांत हे उपकरण वापरले गेले. ग्लेशर यांच्या तापमापकांनी उंचावरील हवा तिच्या प्रत्यक्ष स्थितीपेक्षा बरीच उबदार दाखवली होती, हे त्यातून स्पष्ट झाले. हवेबरोबरच वाहत जाणाऱ्या फुग्यात वारा लागत नाही आणि ऊन मात्र सरळ पडते. उपकरण हवेऐवजी काही अंशी सूर्याचेच तापमान सांगत होते.

येथे ग्लेशर यांच्या कामाची खरी कसोटी लागली. त्यांनी प्रत्येक उड्डाणाच्या नोंदी वेळेसह, उपकरणागणिक, सविस्तर छापून ठेवल्या होत्या. एकाच वेळी दोन-तीन पद्धतींनी केलेली मोजमापे शेजारी शेजारी मांडली होती. म्हणूनच तीस वर्षांनंतरच्या संशोधकांना चूक कोठे आणि किती झाली, हे शोधता आले. केवळ निष्कर्ष छापले असते तर ही तपासणी अशक्य झाली असती.

दुसरा बदल अधिक मूलगामी होता. जेथे माणूस टिकत नाही तेथे माणसाला नेण्याची गरजच काय, असा विचार पुढे आला. १८९० च्या दशकात फ्रान्समध्ये एर्मित आणि बेझाँसाँ यांनी स्वयंचलित नोंद करणारी उपकरणे बांधून निर्मनुष्य फुगे सोडले. अशाच फुग्यांच्या आधारे तेसराँ द बोर यांनी १९०२ मध्ये जाहीर केले की, ११ किलोमीटरच्या आसपास तापमानाची घट थांबते. वातावरणाच्या स्थितांबर या थराचा शोध तो हाच. ग्लेशर त्या वेळी त्र्याण्णव वर्षांचे होते. ज्या उंचीवर पोहोचल्याचा दावा त्यांनी केला होता, साधारण तेथूनच हा नवा थर सुरू होत होता. ७ फेब्रुवारी १९०३ रोजी क्रॉयडन येथे त्यांचे निधन झाले.

प्रश्न अजून संपलेला नाही

त्यांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांच्या आत फुग्याला वाचा फुटली. १९२९ मध्ये फ्रान्सचे रोबेर ब्यूरो आणि जानेवारी १९३० मध्ये रशियाचे मोल्चानोव्ह यांनी रेडिओवरून नोंदी पाठवणारी उपकरणे आकाशात सोडली. ‘रेडिओसाँड’ या नावाने ती ओळखली जातात. आर्द्रता मोजण्यासाठी आरंभी केस, पुढे प्राण्यांच्या आतड्याचे पातळ पटल, मग रासायनिक लेप दिलेल्या पट्ट्या असा प्रवास झाला. १९७० च्या दशकात आलेला बहुलकाच्या पातळ थराचा संवेदक आज सर्वत्र रूढ आहे. हा थर हवेतील बाष्प शोषतो, त्यामुळे त्याची विद्युत धारिता बदलते आणि त्या बदलावरून सापेक्ष आर्द्रता काढली जाते.

जगभरातील सुमारे ८०० केंद्रांवरून असे फुगे सोडले जातात. भारतीय वेळेनुसार पहाटे व सायंकाळी साडेपाच या त्यांच्या प्रमाण वेळा आहेत. भारतीय हवामान खात्याच्या मुंबई आणि नागपूर येथील केंद्रांचाही त्यांत समावेश होतो. फुगा ३० किलोमीटरच्या आसपास फुटेपर्यंत उपकरण क्षणाक्षणाची माहिती पाठवत राहते. मोसमी वाऱ्यांबरोबर बाष्पाचा थर किती जाड आहे, त्यावर कोरडी हवा बसली आहे काय, गडगडाटी पावसाला अनुकूल स्थिती आहे काय, हे या माहितीवरून ठरते. पावसाच्या अंदाजाचा पाया हाच असतो.

तरीही उंचावरची आर्द्रता हे आजही सर्वांत अवघड मोजमापांपैकी एक मानले जाते. पावसाळ्यात मुंबईच्या एका घनमीटर हवेत वीस ग्रॅमच्या वर बाष्प असते. दहा किलोमीटरवर ते अगदीच थोडे उरते. कडक थंडीत संवेदक मंदावतो आणि ढग मागे टाकल्यावरही काही काळ ओलावाच दाखवत राहतो. दिवसा उन्हाने तो तापला तर हवा आहे त्याहून कोरडी भासते. त्यासाठी दुरुस्त्या कराव्या लागतात आणि निरनिराळ्या बनावटींची उपकरणे एकाच फुग्याला बांधून त्यांची तुलना करावी लागते. दोन उपकरणे शेजारी ठेवायची, दोहोंचे आकडे लिहायचे आणि कोणावर किती विश्वास ठेवावा हे त्यांच्या फरकावरून ठरवायचे, ही रीत ग्लेशर यांनी १८६२ मध्ये टोपलीतल्या फळीवर अवलंबली होती. फुग्यातून माणूस कधीच उतरला आहे. ही रीत मात्र अजूनही वर जाते.